किती वेळ उघडं राहायचं

वनस्पतीच्या प्रौढ पेशीचं चित्र खऱ्या प्रमाणात काढायचं ठरवलं, तर कागदाचा बहुतेक भाग रिक्तिकेलाच द्यावा लागेल. पेशीच्या आकारमानातला ८० ते ९० टक्के हिस्सा ती एकटी व्यापते. केंद्रक, हरितलवकं, तंतुकणिका अशी ज्यांची नावं आपण शाळेत पाठ केली, ती सगळी अंगकं रिक्तिकेच्या बाहेर, पेशीद्रवाच्या पातळ थरात दाटीवाटीनं राहतात. तरीही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत रिक्तिका म्हणजे मधोमध सोडलेला कोरा गोल. खाली एक ओळ असते: पाणी, क्षार आणि टाकाऊ पदार्थ साठवण्याची जागा.

त्या ओळीत खोटं काही नाही. पण ती वाचल्यावर रिक्तिकेबद्दल पुढे काही विचारावंसं कुणालाच वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं. साठवण म्हटली की वस्तू आत ठेवली आणि विषय संपला, असं मनात बसतं. प्रत्यक्षात त्या गोलाच्या कडेला, काही नॅनोमीटर जाडीच्या पटलात, वनस्पतीचं पोषण आणि तिचं संदेशवहन एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की दोन्हींची वेगवेगळी प्रकरणं लिहिणंच मला कृत्रिम वाटू लागलं आहे. हा लेख त्या पटलाबद्दल आहे. त्यातूनही जास्त, त्या पटलात बसवलेल्या आयन चॅनेलांबद्दल, म्हणजे विद्युतभारित कणांना (आयनांना) पटलापार जाऊ देणाऱ्या प्रथिनांच्या छिद्रांबद्दल.

पटलाचं नाव टोनोप्लास्ट. ह्यूगो द व्रीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं ते १८८५ मध्ये दिलं. पुढे १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक म्हणून तो जास्त ओळखला जातो, पण माझ्या लेखी त्याचं हे आधीचं काम तितक्याच तोलाचं आहे. क्षाराच्या तीव्र द्रावणात पेशी ठेवल्या, की पेशीद्रव मरून गेल्यावरही रिक्तिका आपलं पाणी आणि आपला रंग धरून तशीच टिकते, हे त्यानं दाखवलं. म्हणजे तिला स्वतःचं पटल आहे, आणि ते पेशीच्या बाहेरच्या पटलाहून निराळ्या स्वभावाचं आहे.

लाल कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर यातलं बरंचसं आजही डोळ्यांना दिसतं. पेशीभित्तिका जागच्या जागी राहते आणि आतला जांभळट गोळा आक्रसत जातो. रंग गडद होतो, पण बाहेर ओघळत नाही. तो रंग असतो रिक्तिकेतल्या अँथोसायनिनचा. पाणी निघून जात असताना रंगाचा एकही ओघळ बाहेर न येऊ देणारं ते पटल स्वतः मात्र दिसत नाही. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी नजर त्या न दिसणाऱ्या कडेवरच खिळते.

त्या कडेवर पहिली नोंद घ्यायची ती पंपांची. टोनोप्लास्टमध्ये दोन प्रकारचे प्रोटॉन पंप असतात. एक एटीपी मोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालतो. दुसरा पायरोफॉस्फेटवर, म्हणजे पेशी प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं, सेल्युलोज वगैरे बनवताना आपोआप उरणाऱ्या रेणूवर. दोघंही पेशीद्रवातले प्रोटॉन उचलून रिक्तिकेत ढकलतात. त्यामुळे पेशीद्रवाचा सामू ७.२ ते ७.५ च्या आसपास असताना रिक्तिकेचा साधारण ५.५ पर्यंत उतरतो. लिंबाच्या रसाच्या पेशींत तो अडीचच्याही खाली जातो. आपण ज्याला लिंबाचा आंबटपणा म्हणतो तो पूर्णपणे रिक्तिकेतला आंबटपणा आहे. पेशीद्रव तितकं आम्लधर्मी झालं, तर पेशी जगणारच नाही.

प्रोटॉन धनभारित असल्यामुळे आम्लतेबरोबर विद्युतदाबही तयार होतो. रिक्तिकेच्या तुलनेत पेशीद्रव सुमारे २० ते ४० मिलिव्होल्टनं ऋण असतं. पुढचं सगळं याच दोन गोष्टींवर चालतं: प्रोटॉनांचा उतार आणि हा लहानसा दाब.

(मॉर्निंग ग्लोरीच्या एका जातीत हा उतार फुलाच्या रंगात दिसतो. कळी तांबूस जांभळी असते आणि उमललेलं फूल निळं. उमलताना पाकळीच्या रिक्तिकांचा सामू ६.६ वरून ७.७ पर्यंत चढतो आणि त्याच रंगद्रव्याचा रंग पालटतो. हा बदल घडवणारं प्रथिन पोटॅशियम किंवा सोडियम आत घेऊन त्याबदल्यात प्रोटॉन बाहेर सोडतं. रिक्तिका फुगते, पाकळी ताणली जाते आणि फूल उघडतं. म्हणजे तो निळा रंग हा पोटॅशियम भरल्याचा पुरावा. विषय जरा बाजूचा आहे, पण मला तो वगळवला नाही.)

चॅनेलांपर्यंत पोहोचायला मात्र विज्ञानाला १९८० चं दशक उजाडावं लागलं. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये पॅच क्लॅम्पचं तंत्र जगापुढे ठेवलं. १९९१ मध्ये त्यांना चॅनेलांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. काचेच्या नळीचं अतिसूक्ष्म टोक पटलाला घट्ट चिकटवायचं आणि त्या इवल्या तुकड्यातून वाहणारा प्रवाह मोजायचा. स्नायू आणि चेतापेशींसाठी घडलेलं हे तंत्र वनस्पतीत वापरायला पेशीभित्तिका आडवी येते. रिक्तिकेला मात्र भित्तिका नसते. बीटाचा कंद ताजा कापून त्याचा कापलेला पृष्ठभाग द्रावणानं धुतला, की रिक्तिका सुट्या होऊन त्या द्रावणात येतात. गोल, स्वच्छ आणि चांगल्या मोठ्या. राइनर हेडरिख आणि नेहर यांनी अशाच शर्कराकंदाच्या रिक्तिकांवर काम करून १९८७ मध्ये दाखवलं, की टोनोप्लास्टमध्ये विद्युतदाबाला आणि पेशीद्रवातल्या कॅल्शियमला प्रतिसाद देणारे चॅनेल आहेत. कॅल्शियम कमी असताना एक प्रकार चटकन उघडतो. कॅल्शियम वाढलं की दुसरा प्रकार, सावकाश उघडणारा, पुढे येतो. त्यांना जलद आणि मंद रिक्तिका चॅनेल अशी साधी नावं पडली.

या मंद चॅनेलमागचं प्रथिन कोणतं, हे कळायला पुढे १८ वर्षं गेली. २००५ मध्ये डेल सँडर्स यांच्या गटानं अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत दाखवलं, की ते टीपीसी-१. ७३३ अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा दोन साखळ्या एकत्र येऊन एक छिद्र. २०१६ मध्ये दोन गटांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली. पेशीद्रवाच्या बाजूला कॅल्शियम धरणारे भाग आहेत. तिथे कॅल्शियम बसलं की चॅनेल उघडायला मदत होते. रिक्तिकेच्या बाजूलाही कॅल्शियम बसण्याच्या जागा आहेत, पण तिथे ते बसलं की चॅनेल बंद राहण्याकडे झुकतो. तोच आयन एका बाजूनं उघड म्हणतो आणि दुसऱ्या बाजूनं थांब. नेहमीच्या स्थितीत दुसरी बाजू जिंकते. रिक्तिकेत कॅल्शियम मिलिमोलरच्या मापात असतं आणि पेशीद्रवात साधारण १०० नॅनोमोलर, म्हणजे निदान दहा हजार पटींचा फरक. परिणामी टीपीसी-१ चे जवळपास सगळे चॅनेल जवळपास सगळा वेळ बंद असतात.

हे मला फार काळ खटकत होतं. पेशी इतके चॅनेल बनवते, पटलात बसवते आणि मग बंद ठेवते. हा खर्च कशासाठी? उत्तर मला एका साध्या गणितातून उमगलं, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण ते गणितच आहे.

४० मायक्रोमीटर व्यासाची एक गोल रिक्तिका घेऊ. तिच्यात १०० मिलिमोलर पोटॅशियम आहे असं धरू. हे दोन्ही आकडे वास्तवाला धरून आहेत. एवढ्या रिक्तिकेत पोटॅशियमचे सुमारे २ लाख कोटी आयन मावतात. एका उघड्या चॅनेलमधून एक पिकोअँपिअर प्रवाह वाहत असेल, तर सेकंदाला ६० लाखांहून जास्त आयन पार होतात. त्या वेगानं एकट्या चॅनेलला सगळी रिक्तिका रिकामी करायला साडेतीन दिवसांहून जास्त लागतील. हजार चॅनेल एकदम उघडे राहिले, तर तेच काम पाच-साडेपाच मिनिटांत होईल. पेशीचा सगळा साठा, पाच मिनिटांत.

आता त्याच रिक्तिकेचा विद्युतदाब बदलायचा आहे असं समजू. जैविक पटलाची विद्युतधारिता दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मायक्रोफॅरड असते. आपल्या रिक्तिकेसाठी ती ५० पिकोफॅरड भरते. दाब ३० मिलिव्होल्टनं हलवायला जितका भार लागतो तितके आयन मोजले, तर ते ९० ते ९५ लाख होतात. २ लाख कोटींतले ९५ लाख म्हणजे जवळपास दर दोन लाखांत एक. हजार चॅनेलांना हे काम दीड मिलिसेकंदाचं.

हे अंदाजी गणित आहे. दाब बदलत गेला की प्रवाहही बदलतो आणि खरी पेशी इतकी सरळ वागत नाही. पण आकड्यांमधलं अंतर इतकं प्रचंड आहे, की तपशील सुधारून निष्कर्ष हलत नाही. तेच चॅनेल, तोच पोटॅशियम. मिलिसेकंदांसाठी उघडलं तर पटलाचा दाब हलतो, पेशीला काहीतरी घडल्याचं कळतं, आणि साठ्यातून गेलं ते जवळजवळ काहीच नाही. मिनिटांसाठी उघडलं तर साठाच हलतो. पहिल्याला आपण संदेश म्हणतो, दुसऱ्याला पोषण. पटलाच्या दृष्टीनं दोन्हींत फरक आहे तो मुख्यतः वेळेचा.

आणखी एक फरक आहे आणि तोही महत्त्वाचा. साठा हलवायचा तर नुसता धनभारित पोटॅशियम बाहेर पडून भागत नाही. थोडे आयन गेले की दाब उलटा होतो आणि पुढचे अडतात. म्हणून त्याच्यासोबत नायट्रेट, क्लोराइड किंवा मॅलेटसारखे ऋणभारित आयनही निघावे लागतात. रिक्तिका खरोखर भरायची किंवा रिती करायची असेल तर धन आणि ऋण, दोन्ही प्रकारचे मार्ग एका वेळी चालू हवेत. कोणता मार्ग कोणासोबत उघडतो, यातही पेशीचा निर्णय असतो.

पोषणाच्या बाजूनं पाहिलं तर पोटॅशियमचं वागणं सगळ्यात बोलकं आहे. पेशीद्रवातली असंख्य विकरं पोटॅशियमच्या ठरावीक पातळीवर काम करतात, त्यामुळे ती पातळी ढळणं पेशीला परवडत नाही. १९९६ मध्ये बार्लीच्या मुळांत सूक्ष्म विद्युतअग्रं घुसवून पेशीद्रव आणि रिक्तिका यांतलं पोटॅशियम वेगवेगळं मोजलं गेलं. मुळांना पोटॅशियम कमी पडत गेलं तसतसं रिक्तिकेतलं पोटॅशियम सरळ रेषेत उतरत गेलं. पेशीद्रवातलं मात्र बराच काळ ८० मिलिमोलरच्या आसपास स्थिर राहिलं, आणि टंचाई खूप वाढल्यावरच ढासळायला लागलं. सगळी झीज रिक्तिकेनं सोसली. तिच्यातून गेलेल्या पोटॅशियमची जागा परासरणाचा दाब टिकवण्यापुरती सोडियम किंवा साखर घेऊ शकते. पेशीद्रवात तशी अदलाबदल चालत नाही.

हे घडवायला पोटॅशियम निवडून बाहेर सोडणारे मार्ग लागतात. त्यांतला नीट अभ्यासलेला चॅनेल म्हणजे टीपीके-१. तो जवळपास फक्त पोटॅशियमच जाऊ देतो, विद्युतदाबाची फारशी पर्वा करत नाही आणि पेशीद्रवातलं कॅल्शियम वाढलं की जास्त उघडतो. भरण्याचं काम एनएचएक्स कुळातली प्रथिनं करतात. ती चॅनेल नाहीत. प्रोटॉन बाहेर सोडून त्या बदल्यात पोटॅशियम किंवा सोडियम आत ओढणारे ते विनिमयक आहेत. चॅनेल आयनांना फक्त उताराच्या दिशेनं जाऊ देतो. चढावर न्यायचं तर कुणाच्या तरी उताराची ऊर्जा वापरावी लागते, आणि इथे ती पंपांनी रचलेल्या प्रोटॉनांची.

नायट्रेटची गोष्ट याहून सुरस आहे. मुळांनी घेतलेला नायट्रेट लगेच वापरला गेला नाही, तर तो पेशीद्रवापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात रिक्तिकेत भरून ठेवला जातो. हे करणारं प्रथिन कोणतं, ते २००६ मध्ये फ्रान्समधल्या एका गटानं अरॅबिडॉप्सिसमध्ये दाखवलं: सीएलसी-ए. या कुळातली प्रथिनं प्राण्यांमध्येही असतात आणि तिथे ती क्लोराइड हाताळतात. वनस्पतीतलं हे प्रथिन एक प्रोटॉन बाहेर सोडून दोन नायट्रेट आत घेतं. पुढे लक्षात आलं, की क्लोराइड की नायट्रेट ही निवड मार्गातल्या एका जागेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. प्राण्यांत त्या जागी सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं, वनस्पतीच्या या प्रथिनात प्रोलीन. एक अमिनो आम्ल बदललं आणि त्याच प्राचीन सांगाड्यातून नायट्रोजन साठवण्याचं यंत्र मिळालं. जमिनीतल्या नायट्रेटवर जगणाऱ्या जीवाला या बदलाचा केवढा फायदा झाला असेल, याचा विचार केला की मला उत्क्रांतीच्या मोठमोठ्या कहाण्यांपेक्षा ही एका जागेवरची अदलाबदल जास्त भारावून टाकते.

इथपर्यंत सीएलसी-ए हे निव्वळ पोषणाचं प्रथिन वाटतं. पण ते पर्णरंध्राच्या रक्षक पेशींतही असतं. आणि तिथे गोष्ट पालटते.

पानावरचं प्रत्येक पर्णरंध्र दोन रक्षक पेशींच्या मधे असतं. त्या फुगल्या की रंध्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. फुगण्यासाठी त्यांच्या रिक्तिकांत पोटॅशियम, क्लोराइड, नायट्रेट आणि मॅलेट भरावे लागतात. त्यांच्यामागोमाग पाणी येतं. मिटण्यासाठी हाच सगळा साठा बाहेर काढावा लागतो. केंब्रिजच्या एनिड मॅक्रॉबी यांनी किरणोत्सारी आयन वापरून वर्षानुवर्षं हे मोजलं. रंध्र मिटताना पेशीबाहेर पडणाऱ्या पोटॅशियमचा फार मोठा भाग आधी रिक्तिकेतून सुटावा लागतो, हे त्यांच्या कामातून ठसलं. बाहेरच्या पटलातले चॅनेल कितीही उघडले तरी टोनोप्लास्टनं साथ दिली नाही तर रंध्र मिटत नाही.

पाणी कमी पडलं की वनस्पतीत अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. रक्षक पेशींत पेशीद्रवातलं कॅल्शियम चढतं. त्यानं टीपीके-१ उघडतो आणि पोटॅशियम सुटू लागतं. मॅलेट सोडायला एएलएमटी कुळातला एक चॅनेल पुढे येतो. आणि सीएलसी-ए? २०१४ मध्ये दिसलं, की अॅब्सिसिक आम्लाच्या संदेशसाखळीतलं एक विकर या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं. ती जोडणी होऊ दिली नाही, तर रंध्रं अॅब्सिसिक आम्लाला नीट प्रतिसाद देत नाहीत. नायट्रेट साठवणारं तेच प्रथिन दुष्काळाच्या निरोपावर साठा सोडण्याच्या कामीही येतं. पोषणाचं आणि संदेशाचं अशी दोन वेगळी खाती इथे नाहीतच. पेशीनं एक यंत्र ठेवलं आहे आणि त्यावर वेगवेगळे हुकूम लागू केले आहेत.

या सगळ्या उघडझापीत रिक्तिकेचं रूपही बदलतं. रंध्र मिटताना रक्षक पेशीतली मोठी रिक्तिका अनेक लहान रिक्तिकांमध्ये विभागते आणि उघडताना त्या पुन्हा एकमेकींत विलीन होतात. आकारमान कमी झालं तरी पटलाचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, आणि ते असं सामावून घेतलं जातं.

मग टीपीसी-१ चा तो बंद राहण्याचा स्वभाव बिघडला तर काय होतं? याचं उत्तर एका उत्परिवर्तनानं दिलं आहे. अरॅबिडॉप्सिसची फू-२ नावाची वाणं या चॅनेलच्या ४५४ व्या जागी वेगळं अमिनो आम्ल बाळगतात. ही जागा रिक्तिकेच्या बाजूला कॅल्शियम ओळखण्याच्या भागात येते. ती बदलल्यावर चॅनेलला आतल्या कॅल्शियमचं थांब म्हणणं नीट ऐकू येत नाही. तो सहज उघडतो. कोवळेपणी ही झाडं इतरांसारखीच दिसतात. मोठी झाल्यावर त्यांच्या पानांचे देठ आखूड राहतात, पानं खाली वळतात आणि त्यांच्यात जस्मोनेट वाढलेलं सापडतं. जस्मोनेट हे अळीनं पान कुरतडल्यावर किंवा जखम झाल्यावर वनस्पती बनवते ते संप्रेरक. इथे कुणी कुरतडलेलं नसतं. त्यांच्या पानांत कोणती जनुकं चालू आहेत हे तपासलं, तेव्हा चित्र आणखी चक्रावणारं निघालं. ते पोटॅशियमची उपासमार झालेल्या झाडांशी मिळतंजुळतं होतं. जमिनीत पोटॅशियम भरपूर असूनही.

मला हा सगळा विषय या एका झाडात एकवटलेला दिसतो. एक चॅनेल हवा त्यापेक्षा सहज उघडतो, आणि वनस्पतीला एकाच वेळी दोन बातम्या मिळतात: मी जखमी आहे, आणि मी भुकेली आहे. दोन्ही खोट्या. पण त्या एकाच ठिकाणाहून याव्यात यात नवल नाही, कारण त्या वाचल्या जातात तेच ते पटल आहे. उलट टीपीसी-१ पूर्ण काढून टाकलेली झाडं बरीचशी नेहमीसारखी वाढतात. त्यांचं उणेपण कळतं ते बाहेरून काही आदळल्यावर, म्हणजे बातमी पोहोचवायची वेळ आली की. अतिरेकी उघडणं हे नसण्यापेक्षा जास्त महाग पडतं.

बातमी पोहोचवण्याचा प्रयोग २०१४ मध्ये सायमन गिलरॉय यांच्या गटानं केला. अरॅबिडॉप्सिसच्या मुळाच्या टोकाला मिठाचं द्रावण लावलं. पेशीद्रवात कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन त्या झाडांत आधीच घातलेलं होतं. मुळातून वरच्या दिशेनं कॅल्शियमची लाट सरकताना दिसली, सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर वेगानं. टीपीसी-१ नसलेल्या झाडांत ती कितीतरी मंदावली. टीपीसी-१ जास्त बनवणाऱ्या झाडांत ती आणखी वेगानं गेली. लाट पोहोचली की मीठ न लागलेल्या भागातली जनुकंही जागी होतात, म्हणजे मीठ येण्याआधी तयारी सुरू होते. २०१८ मध्ये अळीनं खाल्लेल्या पानातून निघालेल्या अशाच लाटेची दृश्यं प्रसिद्ध झाली. ती सेकंदाला एक मिलिमीटरच्या आसपास वेगानं दूरच्या पानांत काही मिनिटांच्या आत पोहोचते. ती लाट जखमेतून बाहेर पडणाऱ्या ग्लुटामेटनं सुरू होते आणि तिची यंत्रणा वेगळी आहे. पण चेतासंस्था नसलेल्या जीवात पानापानांतून सरकणारा तो प्रकाश एकदा पाहिला की वनस्पतीला स्थितप्रज्ञ म्हणणं माझ्याच्यानं होत नाही.

बंद राहण्याचं मोल मिठाच्या बाबतीत आणखी कडक होतं. खारट जमिनीत उगवणाऱ्या वनस्पती सोडियम रिक्तिकेत कोंडून ठेवतात. पेशीद्रवात ते विषासारखं असतं, रिक्तिकेत तेच पाणी धरून ठेवायला उपयोगी पडतं. १९९९ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये एनएचएक्स-१ जास्त बनवून झाडं मीठ जास्त सहन करू लागल्याचं दाखवलं गेलं, आणि भरण्याच्या यंत्रावर सगळ्यांचं लक्ष गेलं. गळती मात्र त्या मानानं दुर्लक्षित राहिली. आत कोंडलेलं सोडियम जलद आणि मंद चॅनेलांतून परत पेशीद्रवात झिरपू शकतं. मग ते पुन्हा आत ढकलायला आणखी प्रोटॉन, आणखी एटीपी, आणि हे चक्र थांबत नाही. क्विनोआच्या पानांवर २०१३ मध्ये झालेल्या कामातून दिसलं, की मीठ सोसताना ही वनस्पती टोनोप्लास्टमधल्या या दोन्ही चॅनेलांची हालचाल कमी करते. मीठसहिष्णू पिकं घडवण्याच्या चर्चेत आत काय भरायचं यावर जेवढं बोललं जातं, तेवढंच बंद ठेवण्यावर बोललं जायला हवं असं माझं ठाम मत आहे. गळका साठा भरत राहण्याची किंमत शेवटी दाण्यातून वजा होते.

टीपीसी-१ वरचा एक वाद जुना आहे. या चॅनेलमधून कॅल्शियमही जाऊ शकतं. म्हणून सुरुवातीला असं सुचवलं गेलं, की पेशीद्रवातलं कॅल्शियम वाढल्यावर तो उघडतो, रिक्तिकेतलं आणखी कॅल्शियम बाहेर सोडतो आणि लाट पुढे सरकते. कल्पना आकर्षक होती. पण नैसर्गिक परिस्थितीत, आतलं कॅल्शियम त्याला बंदकडे ओढत असताना, त्यातून मुख्यतः पोटॅशियमच वाहत असावं असा पुरावा हळूहळू साचत गेला. मग लाटेशी त्याचा संबंध कसा लावायचा?

२०१९ मध्ये वनस्पतिशास्त्रात सहसा न वापरला जाणारा एक शब्द या संदर्भात आला: उत्तेजनक्षमता. आपण तो चेतापेशींबद्दल वापरतो. अरॅबिडॉप्सिसच्या पानातल्या सुट्या रिक्तिकांना विजेचा हलका झटका दिला, की त्यांच्या पटलावरचा दाब उसळतो आणि ती उसळी कित्येक सेकंद टिकू शकते. टीपीसी-१ नसलेल्या रिक्तिका मुळीच प्रतिसाद देत नाहीत. फू-२ च्या रिक्तिका अगदी क्षीण झटक्यानंही पूर्ण उत्तेजित होतात. आतलं कॅल्शियम वाढवलं की सर्वसाधारण रिक्तिका शांत होतात. म्हणजे चॅनेलचा एवढा मोठा, एवढा बंद ठेवलेला साठा पटलावर कशाला, या माझ्या प्रश्नाला इथे प्रयोगानं उत्तर मिळालं होतं. पोटॅशियमची किंचित हालचाल आणि दाबाची मोठी उसळी, हेच त्याचं काम असू शकतं. कॅल्शियमचा पूर त्यानं स्वतः सोडायची गरज नाही.

त्या शोधात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र टीपीसी-१ बद्दल नाही. संशोधकांनी टीपीके-१ आणि त्याचा भावंड चॅनेल टीपीके-३ काढून टाकले, तेव्हा उसळी येत राहिली, पण तिचा कालावधी बदलला. उसळी सुरू करणारा चॅनेल एक आहे, आणि ती किती वेळ टिकेल यावर प्रभाव ठेवणारे चॅनेल दुसरे. ते दुसरे म्हणजे पोटॅशियमचा साठा बाहेर सोडणारे, रक्षक पेशींत रंध्र मिटवायला मदत करणारे, इतकी वर्षं पोषणाच्या प्रकरणात बसवलेले चॅनेल.